डाव्या कोपऱ्यातलं धुकं

ती घटना माझ्या मनात अजून जशीच्या तशी आहे. घडीचे जुने कॅमेरे जमवणाऱ्या माझ्या परदेशातल्या नातवंडांसाठी ती लिहून ठेवते.

साठच्या दशकात मी शहाद्याकडे फौजदार होते. एका स्टुडिओवाल्याने फिर्याद दिली, घडीचा कॅमेरा चोरीला गेला. मिटला की चपटी काळी डबी. कळ दाबली की चामड्याचा भाता आणि भिंग पुढे येतं. आठ दिवसांत खबर मिळाली की तोरणमाळच्या डोंगराकडचा एक पावरा आदिवासी माणूस तसाच कॅमेरा घेऊन बाजारात फिरतोय. हवालदारांनी त्याला ठाण्यात आणलं.

तो म्हणाला, जंगलखात्याच्या एका साहेबांचं सामान तो वर्षानुवर्षं वाहत होता. बदलीच्या वेळी त्यांनी कॅमेरा दिला. कागद नव्हता. साहेब वारले होते.

“बाईसाहेब, हाऊ खोटं बोली ऱ्हायना,” हवालदार म्हणाले. “याना घरमा आरसा बी नही, कॅमेरा कथाईन उना?”

“तुमच्या घरी आरसा आहे ना? मग कॅमेरा आहे का?”

हवालदार फिर्यादीला बोलवायला गेले.

फिर्यादीने कॅमेरा पाहताच आपला म्हणून सांगितलं. नंबर मात्र त्याने कुठेच लिहिलेला नव्हता. माझ्या एका सहीवर त्या माणसाचा तुरुंग ठरणार होता. मी दोघांना वेगवेगळं बसवून एकच प्रश्न विचारला: तुमच्या कॅमेऱ्यात खोट काय?

“खोट कसली? नव्यासारखा आहे,” स्टुडिओवाला म्हणाला.

“भात्याला भोक आहे, बाई,” पावरा म्हणाला. “फोटोत डाव्या कोपऱ्यात धुकं येतं. लोकांना वाटतं तोरणमाळचंच आहे, खूश होतात.”

मी खोलीत अंधार केला, कॅमेरा मागून उघडून आत बॅटरी धरली. भात्याच्या घडीवर उजेडाचा ठिपका दिसला.

“भोक आता पडलं असेल,” फिर्यादी म्हणाला.

पावऱ्याने गाठोड्यातून बायकोचा फोटो काढला. कडेवर तान्ही मुलगी, डाव्या कोपऱ्यात धुकं. ती मुलगी आता पाच वर्षांची होती आणि ठाण्याच्या पायरीवर आईजवळ बसून शेंगा सोलत होती. चोरी तर गेल्या महिन्यातली.

मग मी फिर्यादीच्या शेवटच्या कामाचा माग काढला. तापीकाठच्या गुजर घरातलं लग्न होतं. मिटलेली डबी कुणीतरी दागिन्यांची समजून नवरीच्या आंदणात भरली होती. सासरी तिला ती उघडता आली नाही, म्हणून तिने पेटीच्या तळाशी ठेवून दिली होती. तिथेच ती सापडली.

दोन दिवस कोठडीत काढलेल्या त्या माणसाची मी सर्वांसमोर माफी मागितली आणि तसं स्टेशन डायरीत स्वतःच्या हाताने लिहिलं. निघताना तो म्हणाला, “बाई, तुमचा सगळ्यांचा एक फोटो काढू?”

पुढे प्रत्येक तपासात मी वस्तूचं वर्णन नंतर आणि तिची खोट आधी विचारली. वापरणाऱ्यालाच ती ठाऊक असते. नोकरीत प्रशस्तिपत्रं बरीच मिळाली, ती कपाटात आहेत. भिंतीवर तो फोटो आहे. मधोमध मी, खाकीत, ताठ. डावीकडे हवालदार उभे होते. ते धुक्यात गेले.