ओझ्याचा श्वास

आमच्या कासवांच्या दवाखान्यात हौद घासायला येणाऱ्या मावशी बाराच्या ठोक्याला हातातला ब्रश टाकून घरी पळायच्या. मी तिथला डॉक्टर, मला या पळापळीचा भारी राग यायचा. पुढे कळलं, नऊ वर्षं अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याची कूस बदलायला त्या जात होत्या. यंदा तो गेला. तरी बारा वाजले की मावशी निघायच्याच. "आता कशाला जाता?" मी एकदा न राहवून विचारलं. "जाऊन बसते," त्या म्हणाल्या. माझी मलाच लाज वाटली.

तेव्हा आमच्याकडे एक कासवीण होती. बोटीच्या धडकेत तिचं फुप्फुस फाटून हवा पाठीच्या कवचाखाली साठली होती. बाईसाहेब काही केल्या बुडेनात. कासव पाण्यात तोलून राहतं ते फुप्फुसातल्या हवेवर. अंगावर भार जास्त तर श्वास मोठा, कमी तर लहान. तो अंदाजच बिघडला, म्हणून मी तिच्या पाठीवर शिशाची वजनं चिकटवली.

सात महिन्यांनी एक्स-रेत फुप्फुस धडधाकट दिसलं, साठलेली हवाही गेली होती. वजनं काढली, तर ही पुन्हा वर. नियमाप्रमाणे आठवड्याभरात पाण्याखाली टिकली नाही, तर समुद्र विसरायचा, जन्मभर हौदच. मी हार मानून वजनं परत चिकटवायला घेतली.

मावशींनी माझा हात धरला.

"डॉक्टर, थांबा जरा. तिचा श्वास ऐका. वजन होतं तेव्हाही एवढाच मोठा घ्यायची. ओझं गेलंय, पण तिच्या अंगवळणी पडलंय ना ते."

चार बुकं शिकलेला मी, पण वजनं बाजूला ठेवली. वजन पेलायला लागणारी हवा ती अजूनही भरून घेत होती.

सहा दिवस तिने नुसतेच पाय मारले. सातव्या दिवशी तिने नाक वर काढलं, लहानसा श्वास घेतला आणि खाली गेली. तळापासून वीतभर वर, अगदी स्थिर राहिली. दहा मिनिटं. वीस.

"जमलं गं बाई तुला," मावशी पुटपुटल्या.

तेवढ्यात बारा वाजले. मावशी उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि तिथेच थबकल्या. मग परत येऊन हौदाच्या कडेला बसल्या आणि ढसाढसा रडल्या.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसले.

"डॉक्टर, उद्यापासून मी डबा इथेच आणते."