तात्यांनी न दिलेला निरोप

तात्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी उंब्रजला दुकानात होतो. चुलतभाऊ एवढंच म्हणाला, "गेले रं." मला रडू आलं नाही... दीड महिना झाला, गावात सगळे त्यांच्याबद्दल चांगलंच बोलतात. मला त्यांनीच वाढवलं, शिकवलं. पण मला जे माहीत आहे ते त्यांच्याबरोबर जळून गेलेलं नाही.

माझे हे चुलते मोठ्या तुरुंगात शिपाई होते. सगळ्या नोकरीत त्यांनी एकाच फाशीचा खटका ओढला. तो माणूस आमच्या आटपाडीशेजारच्याच माण तालुक्यातला निघाला. त्यानं बायको आणि दोन लेकरं कुऱ्हाडीनं मारली होती. तिसरी तान्ही मुलगी आजीच्या कुशीत होती म्हणून वाचली. त्या आजीनं, म्हणजे त्याच्याच आईनं, ठकूबाईनं, पाहिलं ते कोर्टात सांगितलं.

निवृत्त होऊन तात्या आटपाडीला आले आणि खटका कसा ओढला ते बाजारात स्वतःच सांगत सुटले. ठकूबाईच्या कानावर गेलं. मग दर उन्हाळ्यात ती एसटीनं यायची. तात्या तिला सावलीत बसू द्यायचे नाहीत. उन्हात उभी राहून ती एकच विचारायची, शेवटाला पोरगं काय बोललं? तात्या सुपारी कातरत म्हणायचे, काही नाही. चुलती पाण्याचा तांब्या घेऊन निघाली तर ते नुसतं बघायचे, की ती परत आत. शेवटच्या वर्षी ठकूबाईला दिसत नव्हतं, ती वाचलेली नात हात धरून घेऊन आली. उत्तर तेच. त्या पावसाळ्यात ठकूबाई वारली.

ते कळलं त्या दिवशी जेवताना तात्या सहज म्हणाले, "बोलला हुता त्यो. आईला सांगा म्हणला, तू खरं तेच बोललीस, माझा राग न्हाई."

मग तिला सांगितलं का नाही, असं मी विचारलं.

"पोटच्या पोराला फासावर धाडलं तिनं. तिचा जीव कशापायी गार करायचा?"

"खटका तर तुमी वढला, तात्या."

"मला हुकूम हुता. तिला कुणाचा हुता?"

आणि त्यांनी आणखी आमटी मागून घेतली.

मीही गप्प बसलो. त्यांचं मीठ खाल्लेलं... ते असेपर्यंत माणला जायचं धाडस झालं नाही. तेराव्यानंतर गेलो. नात शेळ्यांना पाला टाकत होती. मी निरोप सांगितला. तिचा हात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

"त्यो शिव्या देत मेला आसंल, म्हणूनच ह्यो माणूस सांगत न्हाई, आसं म्हणत आजी गेली," ती म्हणाली. "आता कशाला आलासा?"

मी आल्या वाटेनं एसटीकडं निघालो.

कुलूप लावल्यावर दोनदा ओढून बघायचं, ही तात्यांची तुरुंगातली सवय. परवा आटपाडीहून निघताना त्यांच्या खोलीला मी कुलूप लावलं आणि ओढून बघितलं... चार पावलं गेलो, मागं वळलो आणि पुन्हा ओढलं.