नुसतं सेकंड

पिंपळगाव बसवंतला द्राक्षाच्या व्यापाऱ्यांचा कार्यक्रम होता. स्टेजवर माईक दोन आणि गाणारा मी एकटा.

ऐंशीच्या दशकात नाशिक रोडच्या एका ऑर्केस्ट्रात मी आणि अशोक जोडीने गायचो. बायको माहेरी गेलेल्या नवऱ्याचं आमचं विनोदी गाणं फार चालायचं. अशोक मूळ चाल गायचा, मधेमधे चावट कोट्या करायचा. मी ढिम्म चेहऱ्याने सेकंड द्यायचो. सेकंड म्हणजे तेच शब्द, पण मूळ चालीच्या खाली, वेगळ्या सुरांत. शाळेच्या क्वायरमध्ये शिकलो होतो. दोन्ही आवाज मिळाले की गोड लागतं. नुसतं सेकंड ऐकलं तर गाणारा बेसूर वाटतो.

अशोक दुबईला नोकरीला गेला. मी ऑर्केस्ट्राच्या मालकांना म्हणालो, "आयटम बंद करू. मी सेकंड गातो."

"फर्स्ट, सेकंड? रेल्वेचा डबा आहे का? लोक त्याच गाण्यासाठी बोलावतात. एकटा गा, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो."

घरी दोन लेकरं होती. पिंपळगावच्या त्या स्टेजवर एकटा उभा राहिलो.

मूळ चाल मला ठाऊक होती. पण इतकी वर्षं सेकंड गाऊन गळ्याला तीच वाट पडलेली. तोंड उघडलं आणि सेकंडच आलं. पहिल्याच ओळीला मंडप हसला. मी सवयीने चेहरा सरळ ठेवला, तर लोक आणखी हसले.

मालक खूश. "हेच ठेव. बेसूर नवरा!"

मग गावोगाव मी तेच गायलो. एकही सूर चुकत नव्हता. पण ते कळणारा माणूस दुबईत होता. मोकळ्या माईककडे बघून फार एकटं वाटायचं.

तो सुट्टीवर आला तेव्हा आमचा कार्यक्रम चांदवडला होता. पहिल्या रांगेत बसला होता. मी त्याच्याकडेच बघून गायलो. वाटलं, आता तरी हा जागेवरून वरची मूळ चाल धरेल.

तो पोट धरून हसत होता.

नंतर पाठीवर थाप मारून म्हणाला, "काय लेका, बेसूर गायचं सोंग लय भारी जमलं तुला!"

"हो, जमलं," मी म्हणालो आणि माईकच्या वायरी गुंडाळायला घेतल्या.

आता कुणी शिकायला आलं की सांगतो, सेकंड जरूर शिका, पण आधी मूळ चाल गळ्यात बसवा. जोडीदाराच्या भरवशावर राहू नका.