पाळण्यातला वरवंटा

चंद्रपुरातल्या जुन्या वाड्याचं संग्रहालय झालं, तेव्हापासून तो तिथला चौकीदार. तलवारीला कोणी हात लावला तर नुसता खाकरतो. पण चौकातल्या लाकडी पाळण्याला कोणी झोका दिला की धावत येतो.

"रिकामा पाळणा हालवू नोका जी! लेकराले बाधते."

"कोणाच्या लेकराला?" मी एकदा विचारलं.

"कोनाच्याबी."

लोक हसतात आणि पुन्हा झोका देतात.

परवा गेलो, तर पाट्यावरचा वरवंटा जागेवर नव्हता. चोरी झाली की काय, म्हणून त्याला गाठलं. त्यानं ओठांवर बोट ठेवलं आणि मला पाळण्यापाशी नेलं. बारशाला गुंडाळतात तसा वरवंटा त्याच्या धुतलेल्या दुपट्ट्यात निजला होता.

"आता द्या झोका, भाऊ," तो कुजबुजला. "पन हळू."