जॅकनं भार उचलला ती दुपार

काल देवळालीत उसाच्या ट्रॉलीच्या जॅकची नळी फुटली. हायड्रॉलिक तेलाचा उग्र वास पसरला आणि मी नगरच्या चाचणी मैदानावर पोचले, पुन्हा तरुण इंजिनिअर होऊन.

क्षेपणास्त्र उभं करणारे जॅक द्यायला परदेशानं नकार दिला, म्हणून आम्ही ते इथंच घडवले होते. आधीच्या चाचणीत ते भाराखाली थरथरले होते. त्या दुपारी मी बटण दाबलं. ट्रकवर आडवा ठेवलेला, क्षेपणास्त्राच्याच वजनाचा लोखंडी सांगाडा सावकाश उठला आणि ताठ उभा राहिला.

"ताई, जरा बी हालला न्हाई!" तिसगावचे आमचे फिटरमामा ओरडले आणि तेलकट हातांनीच टाळ्या पिटू लागले. मी रडत हसत होते.

तेव्हा खरं क्षेपणास्त्र झेपावताना बघायची घाई होती. इतकी वर्षं ते सज्ज आहे आणि कुणावर सोडावं लागलेलं नाही, याचा आज जास्त अभिमान वाटतो.