बसलेली बाई

लोह्याजवळच्या एका शेतात आमचा विनाचालक ट्रॅक्टर सोयाबीनच्या ओळींमधून चालला होता आणि पुढ्यात एक बाई खुरपत बसली होती. रिमझिम होती म्हणून डोक्यावर पोत्याची खोळ. ट्रॅक्टर थांबेचना. माझ्या हातातलं लाल बटण दाबलं तेव्हा कुठे तो थांबला, तिच्यापासून चार पावलांवर.

पंधरा वर्षं माझी रोबोट आणि विनाचालक गाड्या बनवण्यात गेली. या टीमची मी प्रमुख. माणूस दिसला की आमचं यंत्र थांबतं, हे मी छातीठोकपणे सांगत आले होते.

झालेलं कळवल्यावर पुण्याहून आमच्या कंपनीच्या मालकांचा फोन आला. "आठवड्यावर प्रात्यक्षिक आलंय. त्या दिवशी बायकांना शेतात येऊ देऊ नका. तुम्ही सुरक्षिततेच्या कागदावर सही करून टाका."

"आणि ट्रॅक्टर विकल्यावर खुरपायला कोण येणार, तुम्ही?" मी ओरडलेच.

दुपारभर, यंत्राला ज्यांवरून माणूस ओळखायला शिकवलं ते फोटो तपासले. उभी माणसं, चालणारी माणसं, बांधावर हात बांधलेली माणसं. बसलेली बाई एकही नाही. यंत्रानं तिला उपटलेल्या तणाचा ढीग समजलं होतं, आणि ढिगावरून जायची मुभा आम्हीच दिली होती.

मी त्या बाईला विचारलं, "आम्ही फोटो काढायला आलो तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"बांधावर जाऊन हुबं ऱ्हायलो की! सायेब लोक आल्याव बसून कसं ऱ्हायचं? बरं दिसतंय का ते?" मग ट्रॅक्टरकडे बघून म्हणाली, "आमचा बैल बी थांबतोय बाई बघून."

मालकांचा राग होताच, आता स्वतःचाही आला. लातूरकडे माझ्या आईनं लोकांच्या रानात खुरपून मला इंजिनियर केलं. रानाचा मालक आला की तीही अशीच उठायची. मी हे लहानपणापासून पाहिलं होतं, आणि तरी बायका बांधावर गेल्या तेव्हा बरं झालं, मधे येणार नाहीत, एवढंच मला वाटलं होतं. लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी कॅमेरे घेऊन परत गेलो. बायका परत उठल्या. "बसा" म्हटलं तर कुणी बसेना. शेवटी मीच पोतं डोक्यावर घेतलं, खुरपं मागितलं आणि चिखलात बसले. तेव्हा एकेक करून त्या खाली बसल्या.

त्यातला एक फोटो मालकांना पाठवला. पोती पांघरून वाकलेल्या नऊ बायका. खाली लिहिलं, "यातली मी कोणती ते ओळखून दाखवा, मग सही करते."