हौदावरचा धबधबा

चहा येतोय तोवर सांगून टाकतो. नाहीतरी माझ्या सुनेनं तुम्हाला अर्धं सांगितलेलंच असणार, आणि ती सांगते त्यात मी जरा जास्तच बावळट दिसतो. तेवढा बावळट मी होतोच म्हणा, पण ते माझ्या तोंडून ऐकलेलं बरं.

मी एसटीच्या वर्कशॉपात उभी हयात काढलेला माणूस. जगात काहीही बिघडलेलं असो, ते आपल्याला दुरुस्त करता येतं, अशी माझी पक्की समजूत. माझ्या बायकोची, कमलची, समजूत वेगळी आहे. मी दुरुस्त केलेल्या पंख्याखाली ती आजही झोपत नाही.

लातूर नवीन जिल्हा झाला तेव्हा मी बदली मागून इथं आलो. लोक म्हणायचे, आता जिल्ह्याच्या गावाला काय कमी? आणि खरंच, काही कमी पडलं नाही. कचेऱ्या आल्या, कॉलेजं आली, गल्लीगल्लीत क्लासेस आले. पाणी तेवढं यायचं राहून गेलं.

त्यातून रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली तो दुष्काळ. नळाला पाणी कधी यायचं ते विचारूच नका. पाहुणा आला की आम्ही आधी चहा विचारायचो. का? चहाला अर्धा कप पाणी पुरतं, नुसतं पाणी विचारलं तर तांब्या भरून द्यावा लागतो. आंघोळ बाजेवर बसून करायची आणि बाजेखाली घमेलं ठेवायचं. घमेल्यातलं पाणी फरशी पुसायला, फरशीचं पाणी संडासात. एका पाण्याला तीन-तीन नोकऱ्या होत्या तेव्हा.

अशा दिवसांत आमच्या प्रशीलचं लग्न जमायला आलं. मुलगी करुणा, नांदेडजवळच्या विष्णुपुरीची. दोघांची ओळख नांदेडला एका ट्रेनिंगमध्ये झालेली, मनं जुळलेली. आम्ही जाऊन मुलगी बघून आलो, आम्हाला पसंत होती. तिच्या वडिलांनाही मुलगा आवडला. अडलं होतं ते तिच्या आत्यापाशी. गयाआत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, तिनंच आईविना करुणाला वाढवलेली. तिच्या शब्दाबाहेर त्या घरात कुणी नाही.

माझा मेहुणा मिलिंद नांदेडलाच असतो, मध्यस्थी तोच करत होता. त्याचा फोन आला.

"भाऊजी, सगळं ठीक हाय. पर आत्याबाई म्हनून राहिल्या, लातूरला पोरगी द्यायची न्हाई. तिथं पानी न्हाई."

"मग?"

"मग रविवारी घर बघायला येऊन राहिलेत. पान्याचं काय ते तुमी बघा."

पाण्याचं मी काय बघणार? विष्णुपुरीची माणसं ती. धरण उशाला घेऊन झोपणारी. त्यांच्यासमोर मी काय आमचं घमेलं ठेवणार?

प्रशीलनं ते ऐकलं. जेवताना भाकरी तशीच ठेवून उठला. तो लहानपणापासून असाच, मागणं त्याला जमत नाही. ती भाकरी माझ्यासमोरच पडून होती. पोराचं सगळं जमून आलेलं, आणि ते मोडणार कशावरून, तर पाण्यावरून.

आणि असं काही मोडायला आलं की माझे हात शिवशिवतात. इथंच घोटाळा झाला.

मोबाईलवर एक गोरा माणूस बघितला होता मी. त्यानं घराच्या मागं खड्डा खणला, खड्ड्यात ताडपत्री अंथरली, वर दगड रचले आणि दगडांच्या फटीत डब्यातून फेस मारला. फेस फुगला, फटी बंद झाल्या, आणि वरून सोडलेलं पाणी फटीत न मुरता दगडांवरून झुळझुळ खाली आलं. खालचं पाणी पंप परत वर चढवतो. म्हणजे पाणी तेच, आणि दिसायला अखंड धबधबा! मला तर साक्षात्कारच झाला. घरात धबधबा चालू असल्यावर कोण विचारेल, नळ कधी येतो म्हणून?

पंप घरातच होता. कूलरमधला. कूलर पाण्यावाचून कोरडाठाक पडून होता, त्याचा पंप काढला. दगड मिळाले. पाणी बाजेखालचं; चार दिवस साठवलं, फडक्यातून गाळलं, तुरटी फिरवली. असं निवळशंख झालं की माझंच मला खोटं वाटेना. जागेचा प्रश्न होता, कारण उंचवटा मागच्या अंगणात एकाच ठिकाणी, आमच्या हौदाच्या स्लॅबवर. मी तिथंच दगड रचले आणि पायथ्याला पाणी जमायला घमेलं ठेवलं.

फेसाचे डबे देताना हार्डवेअरवाल्यानं बजावलं होतं, आधी दगड ओले करा, या फेसाला ओल लागते. आता तुम्हीच सांगा, दुष्काळात लातूरचा माणूस दगडांवर पाणी मारेल का? मनाला पटेचना. मी कोरड्या दगडांवर फेस मारला. उन्हानं तो नुसता बसून राहिला, फुगायचं नावच घेईना. मला वाटलं, कमी पडला. आणखी एक डबा मारला. मग आणखी एक. सगळे डबे संपवले आणि म्हटलं, सकाळी बघू.

सकाळी कमल भांडी घासत होती. भांड्यांचं खरकटं पाणीसुद्धा आमच्याकडे कुठंतरी कामाला लागायचं. ती म्हणाली, हे तुमच्या दगडांवर टाकू का, धुळीनं माखलेत. मी म्हटलं, टाक.

फेस पाण्याचीच वाट बघत होता. जो फुगायला लागला, तो थांबेना! दगडांच्या फटीतून बाहेर आला, दगडांवर चढला, स्लॅबवर पसरला. मी दोन्ही हातांनी दाबायला गेलो तर माझे हातच त्यात. कसेबसे सोडवले, तर पंज्यांना पिवळा चिकटा बसलेला, तो साबणानं जाईना, रॉकेलनं जाईना. दुपारपर्यंत स्लॅबवर डोंगर तयार. दगड दिसेनासे झाले, पण खरं सांगतो, पंप लावला तेव्हा त्या डोंगरावरून पाणी काय देखणं पडत होतं!

कमल बघत उभी होती. डोंगराला एक फेरी मारून म्हणाली, "हौदाचं झाकण कुठं हाय?"

झाकण डोंगराखाली होतं. आमचं प्यायचं सगळं पाणी त्या झाकणाखाली. फेस कापावा तर धबधबा जातो, आणि पाहुणे तर उद्यावर आलेले. मी म्हटलं, घरात एक घागर भरलेली आहे, चार माणसं येणार आहेत, पाहुणे गेले की कापू. तिनं जाऊन घागरीवर ताट झाकलं. 

तेवढ्यात भिंतीवरून शेजारच्या काकू डोकावल्या. पाण्याचा आवाज ऐकून विचारायला लागल्या, आटलेल्या बोअरला पाणी लागलं का हो? मी काय करायला हवं होतं? नाही म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, बघू, लागलंय थोडंफार.

त्या साली लातुरात पाण्याची बातमी पाण्याहून वेगानं धावायची. रविवारी सकाळी फाटक उघडलं, तर फाटकापासून कोपऱ्यापर्यंत घागरी, हंडे, कळश्या, रंगाचे रिकामे डबे. नंबर लागलेले. आणि बायका विश्वासानं उभ्या. मी तोंड लपवून आत पळालो, आणि तितक्यात पाहुण्यांची जीप आली.

चार माणसं येतो म्हणालेले, जीप भरून आले होते. करुणाचे वडील, काका, मामा, मामाचे व्याही, आणि गयाआत्या. पांढरी साडी, कपाळावर डोळ्यांपेक्षा मोठा चष्मा चढवलेला. त्या जीपमधून उतरल्या आणि आधी रांगेतल्या बायकांपाशी गेल्या. काय हाय हे, म्हणून विचारलं. बायकांनी सांगितलं, ह्यांच्या घरी झरा लागलाय, सगळ्या गल्लीला देणार हायेत.

आत्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला आदर आणि घाम एकदमच आला. मी जयभीम म्हणालो, पण हात मागं ठेवून. हात जोडले असते तर ते जुळूनच राहिले असते.

घागर पाय धुण्यातच संपली. एवढी माणसं उन्हातून आलेली, दारात पाय धुवायला पाणी द्यायचं नाही असं कसं चालेल? कमलनं घागर उपडी करून मला दाखवली. मी डोळ्यांनी म्हटलं, चहा टाक. तिनं डोळ्यांनीच विचारलं, कशात?

आणि तेव्हा आत्या बैठकीत दिसेनात. त्या सरळ मागच्या अंगणात गेल्या होत्या, पाण्याच्या आवाजामागं. मी धावलो. सगळे माझ्यामागं. बघतो तर आत्या धबधब्यापुढं वाकलेल्या. चप्पल काढून ठेवलेली. पदर सावरून त्यांनी ओंजळ पुढं केली, ओंजळ भरली, आणि तोंडापाशी नेली.

"आत्या, पिऊ नका!"

त्यांनी वळून बघितलं. ओंजळ तशीच. "का?"

अंगणात पंपाची घरघर तेवढी चालू. प्रशील दारात उभा होता. एखादी थाप सुचली असती हो मला, वर्कशॉपात साहेबांना मी कितीतरी मारल्या होत्या. पण त्या म्हाताऱ्या ओंजळीतून पाणी गळत होतं आणि माझ्या तोंडून खरं निघून गेलं.

"ते आंघोळीचं हाय."

"कुनाच्या?"

"माझ्या. अन् हिच्या. अन् नवरदेवाच्या."

आत्यांनी ओंजळ सोडली. हात पदराला पुसले, सावकाश, एक एक बोट. फाटकापाशी रांगेत कुजबुज झाली, घागरींचे आवाज झाले. मला वाटलं, संपलं. पोराकडे बघायची माझी छाती झाली नाही.

"आन् प्यायचं?" आत्यांनी विचारलं.

मी डोंगराकडे बोट दाखवलं. "त्याच्याखाली."

त्यांनी विळा मागितला. मी कापतो म्हणालो, तर माझ्या हातांकडे बघून म्हणाल्या, तुमी ऱ्हाऊ द्या. मग त्यांनी पदर खोचला आणि फेसाला हात घातला. शेजारच्या काकू घरी जाऊन कोयता घेऊन आल्या. रांगेतल्या बायकांनी घागरी सोडून विळ्या आणल्या. ज्यांना मी खोट्या आशेवर उन्हात उभं केलं, त्या माझा धबधबा कापत होत्या, आणि मी पिवळे हात घेऊन नुसता उभा. कुणी मला एक वाईट शब्द बोललं नाही. तेच फार लागलं.

झाकण निघालं. आत्या गुडघ्यावर बसून आत वाकल्या. तळाला वीतभर पाणी होतं. 

"एवढंच?"

"एवढंच," मी म्हणालो. "पुढचा नळ येईपर्यंत."

त्या तिथंच स्लॅबवर बसल्या. बोलल्या त्या माझ्याशी नव्हे, आपल्याशीच बोलल्यासारखं. म्हणाल्या, "आमच्या लहानपनी, हिमायतनगराकडं, इहिरीला पानी लई व्हतं. पर आमाला पोहरा टाकू देत नव्हते. कुनी वरून वतलं तर ओंजळ धरायची. न्हाई वतलं तर उभं ऱ्हायचं. म्हनून मनात व्हतं, करुणाला पान्याच्या घरात द्यायची."

 काकूंनी कोयता खाली ठेवला. मला वाटलं होतं, म्हातारीला ऐट हवी आहे. मी तिच्यासमोर कशाचा खेळ मांडला, ते मला तेव्हा कळलं, आणि भुईनं पोटात घ्यावं असं झालं.

कमलनं हौदातून तांब्या भरून दिला. आत्यांनी वरून, ओठ न लावता, चार घोट घेतले आणि उरलेला तांब्या काकूंच्या हातात दिला. मग प्रशीलला जवळ बोलावलं.

"इथं घरात पानी कोन भरतं रे?"

"मी," प्रशील म्हणाला. "टँकर आला की मीच भरतो. आई कंबरेमुळं उचलत न्हाई."

"आन् लग्नानंतर?"

"मीच की."

आत्या उठल्या. करुणाच्या वडिलांना म्हणाल्या, "पोरगी देऊ. पोरगा खरा हाय." मग चष्मा पुसून माझ्याकडे वळल्या. "पर एक अट हाय. माझी पोरगी ह्या घरात असंपरेंत ह्या मानसानं घरातल्या कशालाच हात लावायचा न्हाई."

कमल म्हणाली, "मंजूर." एवढ्या वर्षांच्या संसारात ती इतकी पटकन कशालाच हो म्हणाली नव्हती.

लग्न विष्णुपुरीला लागलं. पंगत मोठी होती, पाण्याचे जार भरभरून. मी जेवायला बसलो, तोवर हातांचा रंगही बराच गेला होता. वाढणाऱ्या पोरांना बाजूला करून गयाआत्या स्वतः जग घेऊन माझ्या पानापुढं आल्या. माझा ग्लास काठोकाठ भरला आणि साऱ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाल्या,

"प्या, व्याही. बिनघोर प्या. आमच्याकडं आंघोळ येगळ्या पान्यानं करतेत."

पंगत हसली, कमल सगळ्यात जोरात. मी मान खाली घालून ग्लास रिकामा केला आणि परत पुढं केला. लातूरचा माणूस, अब्रू गेली म्हणून काय भरलेला जग सोडतो?